एक भिंत, दोन पिशव्या आणि एक वार

किस्से सांगायचे नाहीत असं मी कितीदा ठरवलंय. पण ऑपरेशनं संपतात, चहा येतो, सुधीर बिस्किटाचा पुडा फोडतो, आणि कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ते भिंतवाल्या सासूचं सांगा ना." मग संपलंच. एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. घरी नवरा विचारतो, तू दवाखाना चालवतेस की कीर्तन? दोन्ही, म्हणते मी.

मी यवतमाळची, बायकांची डॉक्टर. सुधीर आमचा भूलतज्ज्ञ. निर्मला सिस्टर ओ.टी. सांभाळते आणि मलाही सांभाळते, कारण मी लवकर तापते. बाळंतपणं काय, सगळेच करतात. माझ्याकडे जरा वेगळ्या मुली येतात. आईच्या पोटात असतानाच ज्यांच्या गर्भाशयाचं नाहीतर योनीमार्गाचं काम अर्धवट राहिलं, अशा. कुठं पडदा उघडायचा राहतो, कुठं मधे भिंत राहते, कुठं एकाच्या जागी दोन गर्भाशयं होतात आणि कुठं एकही होत नाही. मुलगी बाहेरून चारचौघींसारखीच असते. मोठी झाल्यावर कळतं.

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि पिशवीबद्दल कुजबुजत बोलायची पद्धत आहे. मी मोठ्यानं बोलते. नावं सगळी बदलली आहेत, उगाच तर्क लढवू नका.

*

नेरकडची एक चौदा वर्षांची पोरगी. दुपारचं चांगलं ऊन होतं, तरी आईनं तिला शालीत गुंडाळून आणलं होतं. दर महिन्याला पोट दुखायचं, पाळी मात्र आलेली नव्हती, आणि ओटीपोट वर आलेलं. गावानं निकाल देऊन टाकला होता. सगळ्यांच्या पुढं शेजारची शांताकाकू.

"मॅडम, तिनं तं पोट्ट्याचं नावबी सांगून टाकलं लोकायले," आई म्हणाली आणि रडायला लागली.

पोरगी रडत नव्हती. तिनं मला विचारलं, "मॅडम, मी काहीच नाही केलं. तरी होते का?"

त्या शांताकाकूला भूल न देता टाके घालावेत असं मला त्या क्षणी वाटलं. खोटं कशाला सांगू.

सोनोग्राफी केली. पाळी येत होती, दर महिन्याला येत होती, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती. योनीच्या तोंडावरचा पडदा जन्मापासून बंद, आणि आत कितीतरी महिन्यांचं रक्त साठलेलं. पडद्याला चीर द्यायची, कडा शिवायच्या, एवढंच काम. पोट सपाट झालं. पोरगी शुद्धीवर आली, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भूक लागली."

आईनं खूश व्हायचं की नाही? ती म्हणते, "आता गाव म्हणीन, पाडून आणलं."

बरोबर होतं तिचं. पोट होतं, दवाखान्यात गेली, पोट गेलं. गाव दुसरं काय म्हणणार? मी विचारलं, मग काय करू? ती म्हणाली, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाले येजा तुमी. तिथं साऱ्याजणी असतात." पोरीला विचारलं. ती म्हणाली, "सांगा. पण मी असताना सांगा."

गेले. वाण म्हणून पॅडचे पुडे नेले. अंगणात रांगोळीनं पिशवी काढली, खाली वाट काढली, वाटेच्या तोंडावर पडदा काढला, आणि मग बोटानं तो पडदा पुसला. "असं होतं, आता असं आहे. ज्यांनी ज्यांनी तोंड चालवलं त्यांनी तिळगूळ खा आणि गप बसा." शांताकाकू सगळ्यात जास्त वेळ त्या रांगोळीकडं बघत होती. मी भांडायच्या पवित्र्यात उभी. ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माई नात पंधराची झाली. तिचंबी महिन्याले लय दुखते. कधी आणू?"

आणली. नातीला काही नव्हतं, साधं दुखणं. पण शांताकाकूला मी बाहेर बाकावर चांगलं ताटकळत ठेवलं.

*

आता भिंतवाली सासू. गोदाबाई तिचं नाव. दोन मुलगे. दोघांचं विहिरीच्या पाण्यावरून फाटलं, आणि राहत्या घरात मधोमध भिंत घातली गेली. धाकट्याच्या बायकोचे तीन गर्भ पडले होते. तपासलं तर पिशवीत वरून खाली भिंत. बाळ त्या भिंतीवर रुजतं, तिथं रक्त पुरेसं नसतं, म्हणून टिकत नाही. दुर्बीण घालून ती कापून काढता येते.

मी हे गोदाबाईला समजावलं. तिचा चेहराच उतरला.

"भिंत हाय म्हणता?"

"हो."

"मधोमध?"

"मधोमध. पण जन्मापासूनची आहे, कुणाचा दोष नाही."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. ऑपरेशनच्या दिवशी दोन्ही भाऊ एकत्र आले. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ, एकाच मोटरसायकलवर, आणि दोघांच्या डोक्यात माती. सुधीरनं विचारलं, हे काय? थोरला म्हणाला, "मायनं पाणी सोडलं जी. भिंत पडल्याबिगर घोट घेत नाही म्हणे. पाडून आलो."

मी तापले. गोदाबाईला म्हटलं, अहो, घरातल्या भिंतीचा आणि पिशवीतल्या भिंतीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "हो वं माय, तू शिकलेली हायेस. तू तुई पाड, आमी आमची पाडली."

मी माझी पाडली. पुढं सुनेला दिवस गेले, राहिले, गुटगुटीत मुलगी झाली. पेढे आले. सगळं गोडीत चाललंय असं वाटलं.

मग एक दिवस गोदाबाई एकटीच आली, ओ.पी.डी.त सगळ्यात शेवटी बसली. आत आल्यावर दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक इचाराचं होतं. आता पोट्टी झाली, चांगली हाय, दूध पेते. मंग घरातली भिंत वापस बांधली तं चालते ना? दोघी जावा माया जीव खाऊन राह्यल्या."

दुसरं होईपर्यंत थांबा, असं मी अगदी डॉक्टरी तोंड करून सांगितलं.

*

सगळ्याच गोष्टी कापायच्या नसतात, हे या धंद्यात उशिरा कळतं. एका बाईला दोन पिशव्या होत्या, शेजारी शेजारी, दोन्ही छोट्या पण शाबूत. एकीत बाळ वाढत होतं. मी म्हटलं, हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. नवऱ्यानं ही बातमी कामावर, कापसाच्या जिनिंगवर सांगितली, जिनिंगवरून गावात गेली, आणि लोक तिला बघायला यायला लागले. "दोन हायेत म्हणे," असं म्हणत चहा पिऊन जायचे.

सिझर केलं, मुलगा झाला. बाहेर सासू दोन झबली, दोन टोपरी घेऊन उभी. सिस्टरनं बाळ तिच्या हातात दिलं. सासूनं त्याला झबलं घातलं आणि दुसरं पुढं केलं.

"एकच आहे आजी," सिस्टर म्हणाली.

सासूनं तिच्या खांद्यावरून ओ.टी.च्या दाराकडं बघितलं. "दुसरीतबी नीट पाहा म्हणा. एवढ्या दुरून आलो."

*

निर्मला सिस्टरचं एक सांगते, ती रागावेल, रागावू दे. काही मुलींना योनीमार्गच नसतो, तो नवा करावा लागतो. केलेली वाट मिटून जाऊ नये म्हणून आत काही दिवस साचा ठेवायचा. आम्ही तो स्पंजचा करतो, त्यावर निरोध चढवतो. साधा, स्वस्त, उत्तम. स्पंज सिस्टर गादीवाल्याकडून आणते, दाबदाबून बघून, भाजीवालीकडून वांगी घ्यावीत तशी. आणि निरोध समोरच्या मेडिकलमधून.

सिस्टरचं लग्न झालेलं नाही. पन्नाशी उलटलीय, गुरुवारचा उपास करते, वॉर्डात तिच्यासमोर कुणी मोठ्यानं हसत नाही. ती काउंटरवर जाऊन चारचौघांत खणखणीत आवाजात निरोध मागते. मेडिकलवाला मान खाली घालून देतो. गिऱ्हाइकं औषधाच्या पाट्या वाचायला लागतात.

एकदा तो मेडिकलवाला फार धीर करून म्हणाला, "सिस्टर, राग नका मानू, लगन जमलं का काय?"

सिस्टरनं पाकीट पिशवीत टाकलं. "जमवून राह्यली," ती म्हणाली. "दुसऱ्यायचं."

*

बाबाराव. हा माणूस मला फार आवडतो. बायको वारलेली, एक मुलगी. तिला योनीमार्गात आडवा पडदा होता, वरच्या बाजूला, जरा अवघड. बाबाराव तिला घेऊन आला आणि बायकांच्या रांगेत टोपी हातात धरून उभा राहिला. मी म्हटलं, घरात कुणी बाई नाही का, काकू, मावशी? तो म्हणाला, "मीच हाव."

ऑपरेशन झालं. पाळी कशी येईल, किती जाईल, कधी घाबरायचं, कधी नाही, सगळं सिस्टरनं बाप-लेकीला समोरासमोर बसवून सांगितलं. पोरगी लाजून भिंतीकडं तोंड करून बसली. बाबाराव मात्र शाळेतल्यासारखा ऐकत होता, मधे थांबवून विचारत होता. जाताना दारातून परत आला. "मॅडम, पोट शेकाले गरम पाण्याची पिशवी, का इटकर?" मी म्हटलं, पिशवी बरी, तापल्या विटेचा चटका बसतो. तो गेला आणि मी थोडा वेळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं नाही.

त्यानंतर दर काही महिन्यांनी बाबाराव हजर. बरोबर एखादा बाप, कानकोंडा झालेला, आणि त्याची पोरगी. "हा माया साडभाऊ. याच्या पोरीले सोळावं सरलं, अजून नाही आली." पुढच्या वेळी कोणी शेजारी, त्याच्या पुढच्या वेळी बाजूच्या गावचा कोतवाल. त्यातल्या एकीला खरोखरच पडदा निघाला, वेळेवर निघाला.

मी विचारलं, बाबाराव, गावात बापांना तुम्ही हे विचारता तरी कसं?

"पाराव बसलो का इचारतो जी. पहिले कापसाचं, मंग पोरीचं."

*

आता पायलचं, आणि मग चहा संपवू.

पायल पांढरकवड्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची, एकवीस वर्षांची. तिला गर्भाशय नव्हतं आणि योनीमार्गही नव्हता. बीजकोष शाबूत, बाकी अंगानं सगळी बाईच. लग्न ठरलेलं. मुलगा छोटा हत्ती टेम्पो चालवतो, माल वाहतो. पायलनं त्याला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं, मूल होणार नाही. तो म्हणाला होता, बरं. एवढंच म्हणाला होता, आणि नंतर फिरला नाही. पण तिच्या आईला एकच धास्ती. हे सासरी कळलं, तांड्यावर कळलं, तर मुलाचा बाप लग्न मोडेल. आईनं माझे पाय धरले, कोणाले कळू देऊ नोका.

वाट नवी करायची तर आतून अस्तर लागतं. आम्ही वारेचं अस्तर वापरतो. बाळंतपणानंतर वार पडते, तिच्या आतल्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. तो सोलून साच्यावर गुंडाळायचा आणि नव्या वाटेत ठेवायचा. अंग तो आपला म्हणून धरतं. वार ताजी लागते, म्हणून अशा मुलीचं ऑपरेशन आम्ही कोणाच्यातरी सिझरच्या पाठोपाठ ठेवतो.

त्या सकाळी केळापूरजवळच्या एका बाईचं सिझर होतं. तिच्या रक्ताच्या तपासण्या झालेल्या, तिला सगळं समजावलेलं, तिनं आनंदानं सही केलेली. मुलगा झाला. सिस्टर बाळ घेऊन बाहेर गेली, आणि बाहेर बाळंतिणीची सासू मडकं घेऊन उभी.

वार घरच्या अंगणात पुरायची, हळदकुंकू वाहून. आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे ही रीत, आणि आम्ही वार देतो. सिस्टर म्हणाली, थोडा पडदा काढून घेऊ, बाकी सगळी देऊ.

"अर्धी वार पुरत असतेत का?" आजीचा आवाज ओ.टी.त ऐकू आला. "पोराले काही झालं म्हंजे? सारी द्या."

मी बाहेर आले. सुनेनं सही दिली आहे, असं सांगितलं. पण सही ही एक गोष्ट असते आणि सासू ही दुसरी. आजी मडकं पोटाशी धरून दारात बसली. "कोनाले पाहिजे ते सांगा. चोरून कायले नेता?"

ते मी सांगू शकत नव्हते. आणि जिला पाहिजे होतं ती तिथंच, दाराजवळच्या बाकावर, हिरवा गाऊन घालून बसली होती. आजचं राहिलं तर लग्नाआधी पुन्हा मेळ बसणं कठीण होतं. अशी वार, असा योग रोज येत नाही. जबरदस्तीनं पडदा घेणं मला कायद्यानं जमलं असतं, पण त्या म्हातारीनं नातवाच्या प्रत्येक तापाला मला शिव्या दिल्या असत्या, आणि पुढं एकाही सासूनं एकाही सुनेला सही करू दिली नसती.

पायल उठली. "आजी, मले पाहिजे."

तिच्या आईनं तिचा गाऊन ओढला आणि गोरबोलीत काहीतरी पुटपुटली. ते समजायला गोरबोली यायची गरज नव्हती. पायल बसली नाही.

"माया अंगात वाट नाही बनली, आजी. मॅडम बनवणार हायेत. तिले आतून लावाले तो पडदा पाहिजे."

आजीनं तिला खालून वर बघितलं. "लगन ठरलं?"

"ठरलं."

"त्याले मालूम हाय?"

"मीच सांगतलं."

"अन् लेकरू?"

"नाही होत. पिशवीच नाही."

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मडकं बाकावर ठेवलं. मग माझ्यावरच ओरडली, "तं उभ्या काहून तुमी? ते सुकून जाईन ना."

पडदा चांगला मोठा निघाला. बाकीची वार मडक्यात गेली.

पायलला साचा आत असेपर्यंत पडून राहायचं होतं. आजी सुनेसाठी डिंकाचे लाडू घेऊन रोज यायची, आणि मग मुक्काम पायलच्या खाटेशी. पायलच्या आईला सुरुवातीला धडकीच भरायची. एक दिवस आजीनं तिला सांगून टाकलं, "आमच्या घरचं इच्या अंगात गेलं. आता हे आमची लेक. माया पोराले बहीण नाही, बारशाले आत्या कुठून आणू? नाव ठेवाले पायलच येईन."

पायलच्या आईनं घाबरून माझ्याकडं बघितलं. आजी म्हणाली, "अवं, कोनाले सांगत नाही मी. लेकीचं बाहेर सांगते का कोणी?"

पायल हिंडूफिरू लागेपर्यंत आजीनं बारसं पुढं ढकललं. टाके भरले, अस्तर छान धरलं, वाट मोकळी झाली. मी समाधानानं जा म्हटलं, आणि मलाही आमंत्रण आलं. मी आणि निर्मला सिस्टर गेलो.

अंगण बायकांनी भरलेलं. पायल नवी साडी नेसून पाळण्याशी वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. नाव मी सांगत नाही, ओळख पटेल. रीतीप्रमाणे बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या, तर आजी मधे, "हळू वं, हळू."

मग कुंकू लावायला एकेक जण पुढं आली. एका म्हातारीनं पायलच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लगन ठरलं म्हणतेत तुयं. पुढच्या साली तुयाबी मांडीवर असंच पोट्टं खेळू दे, बाई."

सिस्टरच्या हातातला पोह्याचा घास तसाच राहिला. पायलच्या आईनं मान खाली घातली. पायल हसायचा प्रयत्न करत होती. रडू आलं होतं मला.

आजीनं पाळण्यातलं पोरगं उचललं आणि पायलच्या मांडीवर ठेवलं.

"पुढच्या साली कायले?" ती म्हणाली. "हे काय, खेळून राह्यलं."